नंबर तोच राहील

सर्वण गावातल्या आमच्या घराकडे येणारी टेलिफोनची तार गेल्या नोव्हेंबरात, पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणताना तुटली. ती आता जोडणार नाही, फायबर घ्या, असं फोनच्या ऑफिसातून सांगितलं. मला आणि सर्वेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काहीच अडचण नव्हती. अडचण होती सासूबाईंची. सत्यवती त्यांचं नाव, वय एकाहत्तर. मोबाइल कानाला लावला की गालानेच बंद व्हायचा. सकाळी अकराला माशांचं हुमण चुलीवरून उतरलं की स्टुलावर बसून कुडाळला लेकीशी, पेडण्याला बहिणीशी, मुळगावच्या भजनी मंडळातल्या बायकांशी बोलायचं, हा त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा नेम.

"नंबर बदलता नये," एवढंच त्या म्हणाल्या.

"नंबर तोच राहील, आजी," लाइनमन योगेश म्हणाला. "तुमचा फोनच ह्या नव्या डबीच्या मागे लावायचा. फक्त आणखी तीन दिवस बंद." जाताना त्याने भिंतीतली जुनी तार कापली आणि गुंडाळून नेली.

मी डिचोलीला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. खाणींच्या आसपासच्या विहिरींचे नमुने माझ्याकडे येतात. मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय लागलेली आहे, म्हणून वार नीट सांगते. सोमवारी सकाळी तार कापली. गुरुवारी संध्याकाळी नंबर सुरू झाला.

पहिलाच फोन मनीषाचा, माझ्या नणंदेचा. मी उचलला.

"वयनी, आईला एकदा डॉक्टरकडे ने," ती हळू आवाजात म्हणाली. "मंगळवारी खूप बोलली, पण भलतंच विचारत होती. मला गोवर आला तेव्हा मी कितवीत होते, बाबांना कुठलं गाणं आवडायचं. म्हणे, मी विसरलंय, तू सांग."

"मंगळवारी फोन बंद होता, मनीषा."

"एकेचाळीस मिनिटं बोललो आम्ही."

तिने मोबाइलचा फोटो पाठवला. आमचा नंबर, मंगळवार, अकरा वाजून पाच मिनिटं. खाली एकेचाळीस.

सासूबाईंना विचारलं तर त्या वैतागल्या. "फोन बंद, तर मी बोलतलंय कशी?"

दुसऱ्या दिवशी पेडण्याहून आनंदीमावशीचा फोन. बुधवारी बहिणीशी तासभर बोलल्याचं त्या कौतुकाने सांगत होत्या. "बाय सगळां लहानपण विचारी होती गो. आवय आमका काय हाक मारी, तांसुद्धा. सांगलंय सगळां. बरां वाटलां तिका."

फोन ठेवल्यावर मी ते सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता थांबल्या.

"काय गो हाक मारी आवय आमका?" त्यांनी मलाच विचारलं.

त्यांची आई दोघी बहिणींना काय हाक मारायची, ते मला ठाऊक होतं. त्यांनीच दहादा सांगितलेलं. थोरली मोगी, धाकटी जुयी. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तशी.

मी योगेशला गाठलं. "ताई, त्या तीन दिवसांत नंबर कुठेच नव्हता," तो म्हणाला. "जुन्यातून काढलेला, नव्यात बसला नव्हता. उचलणार कोण? रिंगसुद्धा जाणार नाही."

मग कुणीतरी भामटा असणार. मला योगेशवर संशय आला, ऑफिसातल्या माणसांवर आला. आवाज काढून माहिती गोळा करायची, पुढे कधीतरी वापरायची. सर्वेशला हे पटलं नाही. "आईचं वय झालंय," तो म्हणाला. "तू चोर शोधत बसलीयस." दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. मी कामावर गेल्यावर घरात काय चालतं, ह्याचा विचार माझ्या डोक्यातून जाईना. खरं सांगायचं तर सासूबाईंचाही संशय आला.

पुढच्या शनिवारी सासूबाईंना डोळे दाखवायला डिचोलीला नेलं. सर्वेश कारखान्यात होता. घराला कुलूप, चावी माझ्या पर्समध्ये. दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगितलं. बाकावर त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी मोबाइलवरून घरचा नंबर लावला.

तिसऱ्या रिंगला उचलला गेला.

"हॅलो," सासूबाईंचा आवाज म्हणाला. "तनया? आवाज कसो गो बसलो तुजो?"

मी शेजारी पाहिलं. सासूबाईंचे ओठ मिटलेले होते. मिटल्या पापणीखालून औषधाचा थेंब ओघळत होता.

मला एकच गोष्ट सुचली. माझी पहिली मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली. त्या दुपारी इस्पितळात सासूबाईंनी तिच्यासाठी ठरवलेलं नाव माझ्या कानात सांगितलं होतं. ते मी सर्वेशलासुद्धा सांगितलेलं नाही.

"तिचं नाव काय ठेवलं होतं?" मी विचारलं.

"अबोली," आवाज लगेच म्हणाला. मग मायेने, "रडू नको गो. बाजूक कोण बसलां तुज्या?"

"आई."

"आई मीच मगो," आवाज म्हणाला.

मी फोन बंद केला. थोड्या वेळाने सासूबाईंना हळूच म्हटलं, "आई, अबोली आठवते?"

"अबोली?" त्या डोळे न उघडता हसल्या. "आता खंय मिळता गो. आणि तू केसांत माळतंस कधी?"

घरी येताच मी फोनची वायर काढली, फोन कपाटात ठेवून कपाट बंद केलं. सोमवारी नंबर कायमचा बंद करायचा अर्ज दिला. नंबर सासूबाईंच्या नावावर, म्हणून सही त्यांची घेतली. सही करताना त्या अडखळल्या. डोळ्यांमुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

आठ दिवस झाले तरी नंबर बंद होईना. मनीषाने माझ्या मोबाइलवर आईची चौकशी करणं सोडून दिलं. "रोज बोलते मी तिच्याशी," ती म्हणाली. "आता अगदी पहिल्यासारखी झालीय."

मी सासूबाईंना घेऊन ऑफिसात गेले. काउंटरवर पूजा नावाची मुलगी होती. तिने स्क्रीनवर अर्ज शोधला.

"हा रद्द झालाय, ताई. आम्ही पडताळणीला त्याच नंबरवर फोन करतो. आजींनीच उचलला."

"कधी?"

"बुधवारी. अकराला."

बुधवारी फोन कपाटात होता.

"जन्मतारीख, आईचं नाव, माहेरचं आडनाव, सगळं बरोबर सांगितलं त्यांनी." पूजा जरा घुटमळली. "नंबर बंद करू नका म्हणाल्या. सून येईल, तिच्याबरोबर एक बाई असेल, तिचं ऐकू नका."

"आजी ह्याच," मी म्हणाले. "ह्या बसल्यात समोर."

पूजाने त्यांच्याकडे पाहिलं, मग पेन उचललं.

"बरं. आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

सासूबाई हसल्या. पदर सारखा केला. ओठ जरासे हलले.

मग त्यांनी काउंटरखाली माझा हात धरला, आणि मी सांगेन म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या.