कपातले नऊ फ्यूज

"त्या कागदावर सही केलीस ना मावशी, तर मी आजपासून जेवणार नाही!" ठिणगीने टेबलावरचं पेन उचललं आणि सरळ खिडकीबाहेर भिरकावलं.

"ते माझं पेन होतं," मोजपट्टी म्हणाला.

"मग आण जाऊन!"

"आणि नाश्ता तू तीनदा घेतला आहेस. संध्याकाळपर्यंत तरी तुझ्या उपोषणाला कुणी घाबरणार नाही."

ठिणगीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच सुखाने राहत होतं. वय वर्षं बारा. नाकाच्या शेंड्यावर राग कायमचा मुक्कामाला. मोजपट्टी तिचा मावसभाऊ, तेरा वर्षांचा. त्याच्या खिशात मोजायचा टेप असायचा आणि जगातली कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय त्याला पटत नसे. तिसरी शेपूट, म्हणजे ठिणगीची नऊ वर्षांची बहीण. कुणी कुठेही निघालं की मागे ही असायचीच.

दोघी बहिणी सुट्टीला आल्यापासून तिघांनी नदीवर जायचे बेत आखले होते. पण तीन दिवसांपूर्वी मावशीची गाडी घसरली आणि बेत तिथेच राहिले.

मावशी दवाखान्याची फिरती नर्स. डोंगराच्या कुशीतल्या वरच्या वस्तीत जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायची. चौदा वर्षं तिने तो चढ एका खटारा गाडीने सर केला. मग दवाखान्याने नवी क्रॉसओव्हर घेतली. साध्या मोटारीला उंच टाचा घातल्या की होते ती क्रॉसओव्हर. मागच्या दारावर चकचकीत अक्षरं होती : 'चारही चाकांना ताकद'. आणि पहिल्याच ओल्या चढावर ही ताकदवान गाडी मागे घसरत गेली, एका आजोबांच्या कुंपणाच्या भिंतीवर आदळली. मावशीचं मनगट मुरगळलं. दुसऱ्यांना पट्ट्या बांधणारी मावशी आता स्वतःच पट्टी बांधून बसली होती.

टेबलावरच्या कागदावर लिहिलं होतं : 'अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे. गाडीत कोणताही दोष नाही.' खाली मावशीच्या सहीसाठी रिकामी जागा. उद्या अकरा वाजता सर्व्हिस सेंटरवर, दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर सही करायची.

"सही केली की काय होईल?" शेपटीने विचारलं.

"मला कोठीघरात बसवतील. कापसाचे गठ्ठे मोजायला," मावशी म्हणाली. "आणि वरची फेरी बंद. दुसरं कुणी त्या चढावर जायला तयार नाही."

"मग वरच्या आजोबांच्या पायाची जखम कोण बांधणार?"

मावशी मनगटावरची पट्टी सारखी करत राहिली. ठिणगीची कानशिलं तापली.

"गाडीत खरंच काही बिघाड नव्हता, आई?" मोजपट्टीने विचारलं.

"गेल्या सर्व्हिसिंगपासून एक पिवळा दिवा लागायचा. मी मॅनेजरना दोनदा विचारलं. ते हसले. म्हणाले, 'मॅडम, नवी गाडी हुशार असते. दिवा लागला म्हणजे ती जागी आहे असं समजायचं!'"

"जागी!" ठिणगी ओरडली. "चला रे! आधी तो चढ बघू."

वीस मिनिटांनी तिघं धापा टाकत चढावर पोहोचले. भिंत ढासळलेल्या घराचे आजोबा पाय स्टुलावर ठेवून अंगणात बसले होते.

"मी इथूनच पाहिलं," ते म्हणाले. "पुढची चाकं वेड लागल्यासारखी गरगरत होती. आणि मागची? लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखी! नुसती बसून!"

मोजपट्टी गुडघ्यांवर बसला. चिखल आता वाळून कडक झाला होता. त्याने टेप काढला.

"पुढच्या दोन चाकांच्या जागी खड्डे. सोळा सेंटिमीटर खोल. मागच्या चाकांच्या जागी..." तो थांबला. "इथे टायरची नक्षी उमटली आहे. शिक्का मारल्यासारखी स्वच्छ."

"म्हणजे?" शेपूट म्हणाली.

"म्हणजे मागची चाकं जागची फिरलीच नाहीत! फिरली असती तर नक्षी पुसली गेली असती, खड्डे पडले असते."

"म्हणजे चारही चाकांना ताकद फक्त दारावर लिहिलेली!" ठिणगीने एक दगड उचलला, पण फेकायला कुणी समोर नसल्याने खाली ठेवला. "फोटो काढ सगळ्याचे!"

सर्व्हिस सेंटर पुढून काचेचं होतं आणि मागून पत्र्याचं. काचेच्या भागात मॅनेजर बसत. गळ्यात लाल टाय, टेबलावर 'ग्राहक आमचं कुटुंब' अशी पाटी. ठिणगी कुणाच्या कुटुंबातली हे त्यांनी ओळखलं नाही, ते बरंच झालं.

"आमचा सुट्टीतला प्रकल्प आहे, काका," ती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली. मोजपट्टीला तो आवाज ऐकून जरा भीती वाटली.

"सर म्हणायचं," मॅनेजर म्हणाले. "मागे जा, मिस्त्री दाखवतील. कशाला हात लावू नका!"

मागे मावशीची गाडी चेपलेल्या पाठीने उभी होती. मिस्त्री पांढऱ्या केसांचे, बोलके. विचारणारं कुणी भेटलं म्हणून ते खूश झाले.

"हे बघा, एरवी या गाड्यांची पुढची दोन चाकंच गाडी ओढतात. ती घसरायला लागली, की मध्ये एक कप्लिंग असतं, ते मागच्या चाकांना कामाला लावतं. झटक्यात! म्हणून चढावर गाडी अडत नाही."

"आणि हे काय?" मोजपट्टीने जमिनीतल्या जाडजूड रोलरकडे बोट दाखवलं.

"ब्रेक तपासायचं यंत्र. यावर एका वेळी दोनच चाकं चढतात. तेव्हा मागची चाकं मध्येच जोर करायला लागली तर गाडी यंत्रावरून उडी मारेल! म्हणून मी आधी कप्लिंगचा फ्यूज काढून ठेवतो. नियमच आहे."

"आणि परत कोण बसवतं?"

"तपासनीस. शेवटी गाडी तोच तपासतो."

"ते कुठे आहेत?"

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "त्याला चार महिन्यांपूर्वी कामावरून कमी केलं. काम सुटसुटीत करायचं म्हणून. आता नवा फॉर्म आलाय. त्यावर 'फ्यूज बसवला' पुढे बरोबरची खूण छापूनच येते."

"छापून?" ठिणगीचा गोड आवाज संपला.

"वेळ वाचतो म्हणे."

तेवढ्यात खिडकीपाशी उभी असलेली शेपूट म्हणाली, "काका, यातली एक गोळी घेऊ?"

खिडकीत कान तुटलेला एक कप होता. त्यात पिवळे, चौकोनी, पारदर्शक तुकडे. मोजपट्टीचे ओठ हलले. नऊ.

"गोळ्या नाहीत गं, फ्यूज आहेत. जास्तीचे," मिस्त्री म्हणाले. "हल्ली बरेच साठतात. वाटलं, ऑफिसवाले गाड्यांत नवे बसवत असतील."

ठिणगीने तोंड उघडलं. मोजपट्टीने तिच्या पायावर पाय दिला, आणि तिला ओढतच बाहेर नेलं.

"सोड मला! आत्ता सांगते त्या टायवाल्याला!"

"आत्ता सांगितलंस तर तो गुपचूप फ्यूज बसवेल आणि म्हणेल, कुठे आहे दोष? आईचा कागद तसाच राहील. उद्या अकरा वाजता, सगळ्यांसमोर!"

ठिणगीने रात्रभर राग गिळून ठेवला. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात कठीण काम होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाई चष्मा नाकावर घेऊन आल्या. त्यांना घाई होती. मावशी मान खाली घालून उभी. मॅनेजरनी फॉर्म पुढे केला. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या सुबक खुणा.

"गाडी उत्तम आहे, मॅडम. भल्याभल्यांना चढावर चालवता येत नाही, त्याला गाडी काय करणार!"

"एक मिनिट!" ठिणगी मध्ये घुसली. "हा म्हणतो, ही गाडी तुम्हालासुद्धा धुलाईच्या उतारावरून वर नेता येणार नाही."

"मी तसं म्हटलं," मोजपट्टीने गंभीरपणे कबूल केलं.

"मला?" मॅनेजर हसले. "वीस वर्षं या धंद्यात आहे मी!"

गाड्या धुवायला वर चढवतात त्या छोट्या सिमेंटच्या उतारावर मुलांनी प्लास्टिकचा कागद अंथरला होता आणि त्यावर अर्धी बाटली भांडी घासायचा साबण, बादलीभर पाणी. कागद फक्त पुढच्या चाकांखाली येईल एवढाच. मागची चाकं कोरड्या जमिनीवर.

"मागच्या चाकांत ताकद असेल तर ती गाडी ढकलतील, नाही का, सर?" मोजपट्टी म्हणाला.

"अर्थात! बघा आणि शिका!"

मॅनेजर ऐटीत बसले. पिवळा दिवा लागला. सवयीने त्यांनी दुर्लक्ष केलं. गाडी गुरगुरली. पुढची चाकं गरगर गरगर फिरली. फेस उडाला. गाडी तसूभरही हलली नाही. काय झालं ते बघायला त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि साबणाचा एक सणसणीत फवारा थेट तोंडावर! लाल टाय गुलाबी झाला.

"चालकाचा निष्काळजीपणा!" शेपूट टाळ्या पिटत ओरडली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. आता त्यांना घाई नव्हती.

मोजपट्टीने बॉनेट उघडायला सांगितलं. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो. त्यावर 'मागचं कप्लिंग' लिहिलेल्या जागी बोट टेकवून त्याने खाली दाखवलं. जागा रिकामी होती. शेपूट धावत जाऊन कप घेऊन आली. मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी कपातला एक फ्यूज काढून बसवला.

"आता मी चालवते," मावशी म्हणाली.

पिवळा दिवा लागलाच नाही. पुढची चाकं क्षणभर घसरली, मागून दणका बसल्यासारखा झाला आणि गाडी फेस तुडवत शांतपणे वर जाऊन उभी राहिली. मावशीने एका हाताने चढवली, पट्टीसकट!

सगळे हसले. मॅनेजरसुद्धा, तोंड पुसत. "चला, छोटीशी चूक होती, निस्तरली!"

ठिणगी हसली नाही. आत आल्याआल्या तिने कप त्यांच्या टेबलावर आपटला.

"कपात आठ उरलेत. त्या आठ गाड्या आत्ता कुठे आहेत?"

मॅनेजरनी कप हळूच बाजूला सरकवला.

"घाबरण्यासारखं काही नाही," मॅनेजर म्हणाले. "पुढच्या सर्व्हिसिंगला आपण..."

"पुढच्या सर्व्हिसिंगला? ते लोक आज चढावर असतील! माझी मावशी भिंतीवर आदळली. भिंत नसती तर? तुमच्या छापलेल्या खुणांनी गाडी अडवली असती? तिने दोनदा विचारलं होतं तुम्हाला! दोनदा! आणि तुम्ही हसलात!"

"फोन लावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर."

सात फोन लागले, सात जणांनी गाडी सपाटीवर ठेवायचं कबूल केलं. आठवा वाजत राहिला. शेवटी कुणीतरी उचलला. "घाटात आहे, नंतर बोलतो."

ठिणगीने फोन हिसकावला. "काका, ठेवू नका! पिवळा दिवा लागलाय का?"

"हो. पण ते म्हणाले, गाडी जागी आहे."

"ती झोपलीये! बाजूला कुठे सपाटी असेल तिथे थांबा! आम्ही माणूस पाठवतोय!"

मिस्त्रींनी फ्यूज मुठीत घेतला आणि मोटरसायकलला किक मारली. तासाभराने त्यांचा फोन आला. गाडी एका ओल्या वळणाच्या अलीकडे थांबली होती. आत आजी होती, दोन मुलं होती. सगळी ठीक होती. ठिणगी खाली बसली.

डॉक्टरीणबाईंनी कागदाचे चार तुकडे केले आणि मॅनेजरसमोर कोरा कागद ठेवला. "झालेलं सगळं लिहा. एकही खूण छापील नको. सही तुमची." मग मावशीकडे वळल्या. "तुमचं न ऐकता कागद तयार केला, ही माझी चूक. वरची फेरी तुमचीच." आणि मुलांकडे पाहून म्हणाल्या, "माझ्या दवाखान्यात तुमच्यासारखी तीन माणसं असती तर मला चष्मा लागला नसता."

जाताना मॅनेजरनी मुलांना खेळण्यातली गाडी देऊ केली. ठिणगीने ती उलटी करून चाकं तपासली आणि परत दिली.

त्यानंतर चौथ्या दिवशी चौघं गाडीने चढावर गेली. मावशीने आजोबांच्या पायाची पट्टी बदलली. मोजपट्टीने भिंतीचे निखळलेले दगड मोजले आणि शेपटीने ते एकेक करून रचायला घेतले.

"तूच ना ती रागीट पोर?" आजोबांनी विचारलं.

"सगळे म्हणतात, राग कमी कर."

"कोण म्हणतं?" आजोबा गरजले. "त्यांना इकडे पाठव! पाय नीट असता तर त्या टायवाल्याकडे मीच गेलो असतो!"

ठिणगीने बाह्या सरसावल्या आणि सगळ्यात मोठा दगड उचलला.