किंजळीचं दार

उद्या देवरहाटीत ककणेर, म्हणजे तुमचा तो धनेश पक्षी, बघायला जाणार म्हणता? जा की. शहराला लागून एवढीच राई उरलीय, तीही देवाची म्हणून. तिथलं वाळकं काटूकही कुणी चुलीला आणत नाही. शेकरू दिसेल, गारंबीचे वेल दिसतील, नशीब असलं तर साळिंदराचा काटा सापडेल. पण मधोमध किंजळीचा खुंट आहे. त्यावर उंबरं पडलेली असतील. त्यांना हात लावू नका. का म्हणून विचारतोस, बाबल्या? मग कंदील बारीक कर आणि गप बस.

ही हकिगत राही सुईणीची. माझ्या आत्याची ती जाऊ, आणि पदरचा मीठमसाला लावणारी बाई नव्हे. अठ्ठावीस सालचा शिमगा उरकला होता. फाल्गुन वद्य त्रयोदशीची रात्र. भिकाजी गुरव तिला न्यायला आला. त्याच्या बायकोला, मथुरेला, कळा सुरू झाल्या होत्या. किती नवससायास करून राहिलेलं पहिलं मूल! राही पदर खोचून निघाली.

जवळची वाट देवरहाटीतून होती. भिकाजी म्हणाला, "राहीकाकी, वळसा घालून जाऊया."

"बायको तिकडं कळा देतेय नि तुला वळसा सुचतोय? देवाचा गुरव ना तू?"

चोराच्या मनात चांदणं! राही सरळ राईत शिरली. खुंटाजवळ आली तर वर ताज्या उंबरांचा ढीग. भिकाजीने कंदील दुसरीकडे फिरवला.

त्या खुंटाची गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. आदल्या वर्षी भिकाजीने देवाला कौल लावला होता. देवळाला वासे हवेत, किंजळ तोडू का? पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. लाकूडतोड्या केरू कुऱ्हाड घेऊन गेला, तर ढोलीत ककणेराची मादी. ही मादी अंडी घालायला आत बसते आणि ढोलीचं तोंड आतूनच लिंपून घेते. एक चीर तेवढी ठेवते. नर त्या चिरीतून तिला फळं भरवतो. वेळ झाली की लिंपण तीच फोडते.

केरू म्हणाला, "गुरव, आत बाळंतीण हाय. पावसापर्यंत थांबूया."

भिकाजीने त्याच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि पहिला घाव स्वतः घातला. मादी गेली, पिल्लंही गेली. नर मात्र उंबरं घेऊन खुंटावर येत राहिला. देवळाला दोन वासे लागले. उरल्या लाकडाचं भिकाजीने आपल्या मागच्या खोलीला दार केलं. देवाचं लाकूड घराला! मला आजही त्याचा संताप येतो.

त्याच खोलीत मथुरा होती.

दोघं घरी पोचली तेव्हा शेजारची भागूबाई पडवीत उभी होती. "तिनं आतून लावून घेतलंन. मला म्हनाली, हात लावू नको."

राहीने दार ढकललं. हललं नाही. कंदील वर धरला...

दाराच्या सगळ्या फटी लिंपलेल्या. आतून. ओली माती. मातीत उंबराच्या बिया. दोन फळ्यांच्या मधे बोटभर चीर.

आत मूल रडलं. एकदाच.

"मथुरे!" राहीने हाक मारली.

चिरीतून बोटं बाहेर आली. मागत होती. भिकाजीने पाण्याचा तांब्या पुढे केला. बोटांनी तो लोटून दिला.

राही हळूच म्हणाली, "जा. खुंटावरली उंबरं आण नि तिला भरव. वेळ झाली की तीच फोडील दार. तू हात लावू नको."

भिकाजीने कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली.

"भिकाजी, देवानं कौल दिला होता ना तुला? मग भितोस कशाला?"

"नव्हता दिला." भिकाजी म्हणाला. "डावी पाकळी मी फणसाच्या चिकानं चिकटवली होती, काकी. ती पडनार कशी?"

राहीने त्याचा हात धरला. "मग आता तरी थांब. तेव्हाही आत बाळंतीण होती."

त्याने हात झिडकारला.

घाव बसला... दुसरा...

दार पडलं.

मथुरा भिंतीला टेकून बसली होती. जिवंत. नखांत माती. पोट सपाट. रक्ताचा ठिपका नाही.

मूल नाही.

तिने नवऱ्याकडे बघितलं. "अजून वेळ होता. का फोडलंत?"

वर छपराचे नळे सरकलेले होते. तिथून पंखांचा आवाज निघाला... जड... आणि राईकडे गेला.

मूल सापडलं नाही. मथुरा दाभोळला माहेरी गेली, ती परत आली नाही. भिकाजी अजून आहे. रोज पहाटे खुंटावर दुधाची वाटी ठेवतो आणि संध्याकाळी भरलेली परत आणतो. त्याला मरण येत नाही. बरं झालं, असंच म्हणेन मी.

पुढे दोनेक वर्षांनी राहीबरोबर मी तिथे गेलो होतो. भर दुपारी. खुंटावर उंबरं होती. ककणेर फळ अख्खं गिळतो रे, त्याला चावता येत नाही. राहीने एक उंबर उचललं, उजेडात धरलं, आणि माझ्यापुढे केलं.

अर्धं खाल्लेलं होतं. कडेला दातांच्या खुणा होत्या. बारीक... दुधाच्या दातांच्या.