नाविक विद्यालयाच्या तीन प्रती

आमच्या कार्यशाळेत जुन्या चित्रांच्या प्रती हाताने रंगवल्या जातात. मूळ चित्राच्या छायाचित्रावर चौकटी आखायच्या, ते उलटे टांगायचे आणि कॅनव्हासही उलटाच ठेवायचा, ही मास्तरांची पद्धत. चित्र सरळ असले की डोळा बघायचे सोडून ओळखू लागतो, असे ते म्हणतात. उलट्या चित्रात घर हे घर राहत नाही. एका चौकटीत जेवढा रंग दिसेल तेवढाच उतरवायचा. मला ही पद्धत मानवली. माणसांसमोर माझी जीभ टाळूला चिकटते. चौकटींशी बोलावे लागत नाही.

त्या महिन्यात काम आले ते एका नाविक विद्यालयाचे. दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रात त्याची इमारत नदीच्या मुखाशी उभी होती: लांबलचक, फिकट पिवळी, बंद खिडक्यांच्या दोन रांगा, मधोमध दार आणि दारापासून पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. माणूस एकही नाही. इमारत केव्हाच पाडली गेली होती. नव्या कचेरीत लावायला विद्यालयाला तिच्या तीन प्रती हव्या होत्या.

मी पहिली प्रत सुरू केली तेव्हा दादाच्या जहाजाचा संपर्क तुटून अकरा दिवस झाले होते. दादा मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला. आई रोज कंपनीला फोन करी आणि रोज एकच उत्तर येई: शोध चालू आहे. तरीही मी घरात पाऊल टाकले की तीच मला विचारी, "काही कळलं का रे?"

पहिली प्रत सरळ करून पाहताना मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हा कोण?"

पाण्यात, पायऱ्यांपासून बराच दूर, एक ठिपका होता. वाकून पाहिले तर डोके आणि खांदे.

"मी नाही काढला," मी म्हणालो.

"मग काय, पोहत आला? दोन वर्षांत आपणहून तोंड उघडलंस, ते हे सांगायला." ते हसले. "खरवडून टाक. मुळात नाही ते आपल्यात नाही."

मी सुरी उचलली आणि तशीच खाली ठेवली. त्याचा डावा खांदा किंचित उतरलेला होता. दादा तसाच उभा राहतो, त्या खांद्यावर कायम जड पिशवी असल्यासारखा. मी प्रत भिंतीकडे तोंड करून वाळत ठेवली.

दुसऱ्या प्रतीच्या वेळी मी पाण्याची प्रत्येक चौकट दोनदा तपासली. कॅनव्हास सरळ केला तेव्हा पाणी मोकळे होते. तो पायऱ्यांवर होता. खालून तिसऱ्या पायरीवर ओणवा, दोन्ही हात टेकलेले. खालच्या दोन पायऱ्या मी कोरड्या रंगवल्या होत्या; त्या ओल्या दिसत होत्या.

मास्तर या वेळी हसले नाहीत.

"घरचं माहीत आहे मला. पण त्यांनी इमारत मागितली आहे, पोरा. तिसरीत कुणी दिसलं, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"हो, मास्तर."

"आणि त्या दोन्हींतलं खरवड."

मी मान हलवली. खरवडले नाही.

तिसरी प्रत होत आली असताना कंपनीने कळवले की शुक्रवारी शोध थांबवण्यात येईल. आईने ते मला सांगितले आणि दादाच्या शर्टांना इस्त्री करत राहिली.

शुक्रवारी दुपारी मी कॅनव्हास सरळ केला. पाणी मोकळे. पायऱ्या कोरड्या. खिडक्या बंद.

दार बंद.

भिंग घेऊन चौकट न् चौकट पाहिली. तो कुठेच नव्हता.

तेव्हा मी आजवर न केलेली गोष्ट केली. छायाचित्राकडे पाठ फिरवली, कॅनव्हास सरळच ठेवला आणि सर्वांत बारीक कुंचला घेतला. मूळ चित्रात इमारतीच्या उजव्या कोपऱ्यामागून एक रस्ता निघतो. त्या रस्त्यावर, पाण्याकडे पाठ करून, मी दादाला काढला. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. डोके, धड, हात, पाय: सहा फटकारे.

मग कुंचला धुऊन ठेवला.

मास्तर मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, "हा मात्र तू काढलास."

"हो."

त्यांनी ती प्रत स्वतः उचलून उजेडात वाळत ठेवली. दुसऱ्या माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

घरी पोचलो तेव्हा दादा खुर्चीत बसला होता. आई त्याचे ओले केस पुसत होती.

"कसा आलास?" मी विचारले.

"चालत," तो म्हणाला.

जहाजाचे त्याला काही आठवत नाही. कंपनीच्या यादीनुसार जहाजावरचा कोणीच जिवंत वाचला नाही. आम्ही कंपनीला काही कळवले नाही.

मी कृतज्ञ आहे. खरवडलेस का, हे न विचारणाऱ्या मास्तरांचा, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी चित्रकाराचा, ज्याने इमारतीमागे गरज नसताना एक रस्ता ठेवला. सकाळी शेजारच्या खोलीत दादाचा खोकला ऐकू येतो आणि मी डोळे मिटून हात जोडतो.

रविवारी त्याची नखे कापायला मी त्याचा हात खिडकीच्या उजेडात धरला आणि उताणा केला. तळवा मनगटापासून बोटांपर्यंत सपाट, एकाच रंगाचा होता. त्यावर एकही रेषा नव्हती.

मी आईकडे पाहिले. तिने ते पहिल्याच दिवशी पाहिले असावे.

"असू दे," ती म्हणाली आणि त्याची मूठ हलकेच मिटली.