डावीकडची पानं

तो बुधवार होता की गुरुवार, याची खात्री सरांना आजही देता येत नाही. गुरुवार असावा, कारण गुरुवारी चार वाजता बाईंडरच्या दुकानामागच्या खोलीत वाचकांचं मंडळ भरायचं, आणि त्या दिवशी आपण घड्याळाकडे दोनदा पाहिलं होतं एवढं त्यांना आठवतं. पण घड्याळाकडे ते रोजच दोनदा पाहायचे. संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला, तीस वर्षं कॉलेजात शिकवलेला हा माणूस गॅस बंद केलाय ना हे बघायला अर्धा जिना उतरून परत वर यायचा. 'बहुतेक' म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. म्हणून नातीने त्यांचं नावच ठेवलं होतं, 'बहुतेक आजोबा'. नातीचं घरातलं नाव टिटवी. वय तेरा, आणि आवाज नावाला शोभेल असा.

मंडळ पाच जणांचं. सर, टिटवी, बाईंडर, हॉस्पिटलातली एक सिस्टर आणि पोस्टमनकाका. वाचायचं काय, तर वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या जाडजूड अद्भुत कादंबऱ्या. सिस्टर त्या ड्यूटीवर चार्टखाली लपवून वाचायची. सगळ्यांची लाडकी होती ती पाण्याखालच्या शहराची चार भागांची गोष्ट. एक मुलगी कंदील घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरत जाते आणि खाली अख्खं शहर वसलेलं असतं. प्रत एकच, म्हणून नियम केले होते. प्रत्येकाची एक रंगीत पेन्सिल. आवडलेल्या ओळीपाशी समासात खूण करायची. ज्याचं पुस्तक संपेल त्याने शेवटच्या ओळीखाली पुढच्या वाचणाऱ्याचं नाव लिहायचं. आणि एकदा नाव लिहिलं की त्या माणसाने पुस्तक घ्यायचंच. नाही म्हणायची सोय नाही.

पोस्टमनकाकांची पेन्सिल हिरवी. एकट्याने वाचणं त्यांना जमत नसे. टिटवीला शेजारी बसवून मोठ्याने वाचायचे; डावं पान त्यांचं, उजवं तिचं. पान सुरू करताना खाकरायचे, उलटताना अंगठा जिभेला लावायचे. त्यांनी वाचलेल्या पुस्तकाचा खालचा कोपरा कायम ओला. कपड्यांना पार्सलवरच्या जळक्या लाखेचा वास, नोकरी सुटली तरी न गेलेला.

"काका, अहो किती ते जंतू!" सिस्टर ओरडायची.

"शेवट कळल्याशिवाय कुठला जंतू मला न्यायचा नाही गं," काका म्हणायचे.

चौथा भाग यायच्या महिनाभर आधी ते गेले. तिसऱ्या भागाच्या शेवटच्या ओळीखाली त्यांच्याच हातचं, हिरवं नाव होतं: टिटवी. त्यामुळे चौथा भाग आला तो पहिल्यांदा तिच्या हातात.

"शेवटची दोन पानं छापखान्यात कापायची राहिलीत," बाईंडरने देताना सांगितलं. "कडेला जोडलेलीच आहेत. तिथवर पोचलीस की पट्टीने अलगद काप. मी मुद्दाम तशीच ठेवलीत. नाहीतर तू आधी शेवटात डोकावशील, बये!"

तर त्या दुपारी टिटवीचे आईबाबा कामावर होते. आभाळ भरून आल्यामुळे तीन वाजताच घरात दिवा लावावा लागला होता. सर दूध गरम करून तिच्या खोलीकडे निघाले. दार ओढून घेतलेलं. आत ती मोठ्याने वाचत होती. कंदीलवाली मुलगी कुठल्याशा पुलावर उभी होती. वाचन थांबलं, पान उलटल्याचा आवाज आला. सर दार लोटणार, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की ही शांतता नुसती शांतता नाही. कुणीतरी बोलत असताना ऐकणारा गप्प बसतो, तशी ती होती. मधेच टिटवी खुदकन हसली. मग पुन्हा शांतता. आणि मग ती पुन्हा वाचायला लागली. मुलगी आता पुलाच्या पलीकडे पोचली होती.

सरांनी घड्याळ लावून मोजलं. दोन मिनिटं वाचन, दोन मिनिटं काही नाही. दोन मिनिटं वाचन, दोन मिनिटं काही नाही. हातातल्या दुधावर साय धरली.

ते आत गेले. टिटवी टेबलाशी बसली होती, आणि शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली होती.

"कुणाशी... बोलत होतीस?"

"बोलत कुठे होते? काकांबरोबर वाचतेय." तिने मान वर केली नाही. "तुम्ही मधे बोललात ना, त्यांची ओळ चुकली."

खोलीत जळक्या लाखेचा वास होता. सरांनी वाकून पुस्तकात पाहिलं. डाव्या पानाच्या समासात हिरवी खूण होती. आधीच्या पानावरही. त्याच्या आधीच्याही. उजव्या पानांवर टिटवीच्या नारिंगी खुणा.

आता दुसरा कुणी असता तर त्याने ते पुस्तक तिथल्या तिथे मिटलं असतं. पण सर पडले पुराव्यावर चालणारे. पोरीनेच कुठून हिरवी पेन्सिल आणली असेल, दु:खात मुलं असं करतात, वासाचं काय, नाक आपलं म्हातारं. आधी तपासावं. काकांची पेन्सिल बाईंडरकडे डब्यात होती. सर दोन गल्ल्या चप्पल फटफटवत गेले. तिला एकटीला ठेवून. हे त्यांनी स्वत:ला कधीच माफ केलं नाही.

"पेन्सिल इथेच आहे की, सर," खळीचे हात पुसत बाईंडर म्हणाला. "ड्रॉवरला कुलूप असतं." त्याने कुलूप काढून डबा उघडला.

पेन्सिल होती. बोटभर आखूड झालेली. खाली हिरव्या टोकाचा भुसा आणि ताज्या कुरळ्या साली.

"मी नाही हां केलेलं," बाईंडर हळूच म्हणाला.

सर धावले. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. जिन्यावरच त्यांना टिटवीचा आवाज ऐकू आला आणि जीव थोडा भांड्यात पडला. पण खोलीत आल्यावर त्यांनी पाहिलं, उजव्या हाताला जेमतेम तीन पानं उरली होती.

"बास आता. दूध पी. उरलेलं उद्या."

"आज्जिबात नाही! शेवट आलाय." तिचे डोळे चमकत होते, ओठ मात्र निळसर. "शेवटचं पान झालं की काका मला तिथे नेणार आहेत."

"कुठे?"

"खाली. शहरात. त्यांना एकट्याने जायला कंटाळा येतो."

सरांनी तिचा हात धरला. बर्फ. फ्रॉकच्या बाह्या मनगटापाशी चिंब ओल्या होत्या, आणि घरात पाण्याचा थेंब सांडलेला नव्हता. पुस्तक ओढलं तर ते टेबलावरून हलेना, जणू दुसऱ्या बाजूने कुणी तळवा टेकवलाय. तेव्हा त्यांना सुचलं ते एकच. ज्याची पाळी त्याचं पान. ती पाळी आपणच घेतली तर?

ते त्या खुर्चीवर बसले. गार होती. डावं पान त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं. शब्द कळत नव्हते. अर्ध्या पानावर टिटवीने कानांवर हात ठेवले.

"आजोबा, प्लीज! दोघं एकदम नका ना वाचू."

सर थांबले नाहीत. पान संपवलं. तिने उजवं वाचलं, त्या पानापलीकडे जोडलेली पानं होती. तिने पट्टी उचलली.

सरांनी तिचं मनगट पकडलं आणि तिच्याकडे न पाहता, खुर्च्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे पाहत ते बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच त्या वाक्यात 'बहुतेक' नव्हतं.

"पोस्टमनकाका... शेवट मी वाचीन तुमच्याबरोबर. माझी वेळ येईल तेव्हा. हिला राहू द्या."

बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांच्या डाव्या कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी खाकरलं. आणि पुस्तक टेबलावर हलकं झालं.

टिटवी चार दिवस आजोबांशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने भूक लागली म्हणून आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं, आणि पुस्तक कपाटात कुलूपबंद करून किल्ली खिशात ठेवलेले सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून रडले. मंडळ नंतर भरलं नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. टिटवी आता दूरच्या गावी नोकरी करते, रविवारी फोन करते, आणि शेवट वाचू दिला नाही म्हणून अजून टोमणे मारते. सर पंच्याऐंशीचे झाले. वाढत्या वयाबरोबर त्यांचा संशय स्वत:वरच जास्त वळला. एका पोरीच्या हातातून आपण नुसत्या घाबरटपणामुळे गोष्टीचा शेवट काढून घेतला का? गेल्या महिन्यात त्यांनी कपाट उघडलं आणि पुस्तक घेऊन ते बाईंडरकडे गेले.

"आधी नीट बघ. कुणी कापून पुन्हा चिकटवलंय का?"

बाईंडरने दिव्याखाली भिंग धरून कड तपासली. एकदा, आणि सरांच्या आग्रहाखातर पुन्हा एकदा. "घडी छापखान्यातून आली तशीच आहे, सर. आत सुईसुद्धा गेलेली नाही."

मग त्याने सुरी घेऊन पानं मोकळी केली.

आतल्या डाव्या पानावर समासात हिरवी खूण होती. उजव्या पानावर, गोष्टीच्या शेवटच्या ओळीखाली, हिरव्या पेन्सिलीने 'टिटवी' लिहून खोडलं होतं. त्याच्याखाली त्याच अक्षरात लिहिलं होतं, 'सर'.

सरांनी खालच्या कोपऱ्याला बोट लावलं. पटकन मागे घेतलं. चष्मा पुसला. मग बाईंडरचा हात धरून त्याचं बोट तिथे टेकवलं.

"मला बहुतेक ओलं लागलं," ते म्हणाले. "तू सांग."

बाईंडरने बोट उचलून दिव्यासमोर धरलं.

"बहुतेक नाही, सर," तो म्हणाला. "ओलंच आहे."