शिळे संदेश

देवबागच्या जेटीवर चहाचा पहिला घोट घेते न घेते तोच नीलाक्षी कोयंडेच्या हेडफोनमधून पास्कूकाका ओरडले, "अगो नीला, बोल मगे! माका काय एक ऐकाक येत नाय."

काका समुद्रतळाशी छोट्या पाणबुडीत बसून प्रवाळाची रोपं लावत होते. पाण्याखाली रेडिओ चालत नाही, म्हणून किनारा आणि पाणबुडी ध्वनीच्या ठोक्यांनी बोलत. ती प्रणाली नीलाक्षीनेच लिहिलेली. तिने उत्तर दिलं. खालून पुन्हा तेच, "बोल मगे!"

"त्यांचं आपल्याला येतंय, आपलं त्यांना पोचत नाही," तिची सहकारी रुक्साना म्हणाली. "संपर्क तुटला असं समजून पाणबुडी थोड्याच वेळात आपोआप वर येईल. आणि ते बघ!"

गाळ काढणारं जहाज नेमकं तिकडेच सरकत होतं. रुक्सानाने जहाजाला कळवलं. पण एवढं धूड चटकन थांबणार कसं?

नीलाक्षीने पडद्यावर संदेशांचे क्रमांक पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अगं, मोजणी भरली!"

मागचा क्रमांक आला की पाणबुडी तो संदेश शिळा समजून टाकून देई. बॅटरी वाचावी म्हणून क्रमांकाला सोळाच बिट दिलेले. पासष्ट हजार पाचशे पस्तीसनंतर पुन्हा शून्य. एरवी ते पुष्कळ पुरले असते. पण यंदा माशांना लावलेल्या खुणपट्ट्याही किनाऱ्याशी बोलू लागल्या, आणि त्यांना पोच देता देता आकडे संपले.

"कपाटातलं कोरं ध्वनियंत्र आण! पाणबुडी प्रत्येक यंत्राची मोजणी वेगळी ठेवते. या यंत्राचं तिने कधी काही ऐकलेलंच नाही, मग शिळं कसं म्हणेल?"

रुक्साना धावली. नीलाक्षीने यंत्र दोरीने पाण्यात सोडलं. "काका, वर येव नकात! डोक्यावर जहाज आसा!"

क्षणभर नुसती खरखर. मग काका खदखदून हसले. "गावलंस गो एकदाची!"

जहाज निघून गेल्यावर काका वर आले आणि जेटीवर भाकरीचं फडकं सोडून बसले. "मगे आकडो मोठो कर की."

"प्रत्येक संदेश लांबेल, बॅटरी खाईल. त्यापेक्षा पाणबुडीला घड्याळ शिकवते. बारानंतर एक वाजला तर आपण वेळ मागे गेली म्हणतो का? तसंच शेवटच्या आकड्यानंतरचं शून्य तिने पुढचंच धरायचं. एकूण संदेशांची मोजणी मात्र किनाऱ्यावरच राहते, तिला चौसष्ट बिट देते. तुमचं प्रवाळ डोंगराएवढं झालं तरी ती भरायची नाही."

काकांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पाण्याकडे बघत विचारलं, "आणि भरतली तेव्हा खाली बोलत कोण आसतला गो? माणसां, की मासे?"