सहा मीटरचा खांब

विज्ञानाने अंतर नावाची गोष्ट या पृथ्वीवरून कायमची पुसून टाकली आहे. माणसाचा आवाज आता चंद्रापर्यंत जातो.

फक्त नेदरलँड्समधल्या नायमेखनपासून नऊ किलोमीटरवर, वाल नदीकाठच्या एका शेतात, त्यासाठी संडासाच्या भांड्यावर उभं राहावं लागतं.

तोल सांभाळायचा. डावा हात छताच्या झरोक्यातून कोपरापर्यंत बाहेर काढायचा. मग फोनवर रेंजची एक दांडी येते.

त्या दांडीपायी जे घडलं, ते खरं आहे.

मी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण ज्याच्यावर गुदरलं तो श्रीहर्ष माझ्या मावसबहिणीचा मुलगा. त्याला खोटं बोलता येत नाही, असं आम्ही सगळे समजत होतो. त्याबद्दल पुढे येईलच.

आणि हो, ही गोष्ट रात्रीची नाही. गुरुवारी सकाळी दहाची आहे. भुतं फक्त रात्रपाळी करतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथूनच परत फिरावं.

श्रीहर्ष नायमेखनमध्ये चिपच्या कंपनीत आहे. कमजोर सिग्नल जोरदार करणारी चिप, हे त्याचं काम. भाड्याचं घर मालकाने विकलं, स्वतःचं नवं घर बांधून व्हायला सात महिने होते, म्हणून त्याने आणि त्याच्या बायकोने, उत्तराने, एक जुना कॅम्पर घेतला आणि एका शेतकऱ्याच्या कॅम्पिंगवर लावला. चाकांवरचा पत्र्याचा डबा. पत्र्यातून सिग्नल आत येत नाही, हे श्रीहर्षने डब्यात राहायला गेल्यावर उत्तराला सविस्तर समजावून सांगितलं.

"हे घ्यायच्या आधी माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

"तत्त्व माहीत होतं," तो म्हणाला.

मग त्याने छतावर अँटेना बसवली, तिची वायर आत घेतली, राउटर लावला. वायफाय सुरू झालं. मीटिंगा, व्हॉट्सॲप, सगळं झकास.

राहिला तो दुसरा फोन. जुना, भारतातल्या नंबराचा. त्याला वायफायचा काही उपयोग नव्हता. त्याला थेट टॉवरच लागायचा.

आणि त्या नंबरावर साताऱ्यातले दीनानाथराव चालत होते.

दीनानाथराव म्हणजे श्रीहर्षचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकटे. दोन वर्षांपूर्वी फोनवर कुणीतरी त्यांना फसवता फसवता राहिलं. श्रीहर्ष घाबरला. सुट्टीत येऊन त्याने वडिलांचा गॅस, वीज, पेन्शन, विम्याचं कार्ड, सगळं स्वतःच्या नंबराला जोडलं.

"बाबा, आता तुम्हाला कुणीही फसवू शकणार नाही."

"मलाही काही करता येणार नाही," दीनानाथराव म्हणाले.

तसंच झालं. उल्हास नावाचा गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात उभा राही. कोड सांगितल्याशिवाय सिलिंडर द्यायचा नाही, असा नियम. कोड जाई नायमेखनला. दीनानाथराव व्हॉट्सॲपवर फोन लावत.

"श्री, आला का रे?"

"थांबा बाबा. चढतोय."

कधी श्रीहर्ष भांड्यावर चढेपर्यंत उल्हास सिलिंडर घेऊन निघून जाई. एकदा दीनानाथरावांनी चार दिवस चुरमुऱ्यांवर काढले. तक्रार केली नाही. चुरमुरे पचायला हलके असतात, एवढंच म्हणाले.

शेवटी उत्तराच वैतागली.

"बूस्टर आण ना एखादा. तुमच्या कंपनीतच बनतं सगळं."

"परवानगीशिवाय इथे बूस्टर लावता येत नाही. बेकायदा आहे."

"मग कायदेशीर काहीतरी कर. तिकडे तुझा बाप चुरमुरे खातोय."

कायदेशीर उपाय असा निघाला. सरकत उघडणारा, सहा मीटरचा ॲल्युमिनियमचा खांब. त्याच्या टोकाला श्रीखंडाचा रिकामा डबा. डब्यात फोन. खांब उभा केला की दोन दांड्या येत. 'टिंग' वाजलं की खांब खाली घ्यायचा, डबा उघडायचा, कोड वाचायचा. सगळं मिळून चार मिनिटं. कोडची मुदत दहा मिनिटं. जर्मनीची हद्द जवळ असल्यामुळे फोन कधी डच टॉवर धरी, कधी जर्मन, आणि त्या ओढाताणीत मेसेज उशिरा येई. पण जमून जाई.

दीनानाथराव त्याला झेंडा म्हणत.

"श्री, झेंडा वर आहे ना?"

कॅम्पिंगच्या मालकाची एकच अट होती. वारा सुटला की खांब खाली.

नोव्हेंबरातला दुसरा बुधवार. जोरदार वारा सुटला. श्रीहर्षने खांब उतरवला.

गुरुवारी वारा पडला. बाहेर धुकं होतं. इतकं दाट, की खिडकीतून शेजारची सायकलही दिसेना.

उत्तरा ऑफिसला गेली होती. श्रीहर्ष कॅम्परमध्ये, मीटिंगला बसला होता.

दहाला फोन आला.

"श्री, मी हॉस्पिटलात आहे. थोडं छातीत धरलंय. रिक्षाने आलो. ही मुलगी म्हणते, कार्डाचा कोड आल्याशिवाय फाइल उघडत नाही."

"बाबा, मीटिंग चालू आहे."

"झेंडा वर आहे ना?"

खांब बाहेर गवतावर आडवा पडला होता. दारापासून चार पावलांवर. उभा करायला दोन मिनिटं.

मीटिंगमध्ये श्रीहर्षची पाळी येत होती. विषय होता, फार लांबून आलेला अत्यंत क्षीण सिग्नल कसा ओळखावा.

"रेंज नाहीये बाबा," तो म्हणाला. "दहा मिनिटं थांबा."

"बरं," दीनानाथराव म्हणाले. "बसतो मी इथे बाकावर."

मीटिंग पन्नास मिनिटं चालली. चांगली झाली.

पुढचा फोन शेजारच्या विश्वासकाकांचा होता.

"श्रीहर्ष... दीनानाथ गेले रे. बाकावरच. हातात टोकन होतं."

श्रीहर्ष बाहेर आला. काय करावं ते न सुचून त्याने खांब उभा केला.

टिंग. टिंग. टिंग.

तीन कोड होते. पहिला दहा वाजून दोन मिनिटांचा.

साताऱ्यात तो सगळ्यांना सांगत होता, रेंज नव्हती. नाहीतर लगेच पाठवला असता. लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मीही फिरवला.

दिवस झाले. त्याने वडिलांचं एकेक खातं बंद केलं. गॅस परत केला. त्यांच्या फोनमधलं सिम काढून कात्रीने कापलं. मोकळा फोन आठवण म्हणून नायमेखनला आणला आणि कॅम्परमधल्या चमच्यांच्या खणात ठेवला.

जानेवारीतला पहिला गुरुवार. सकाळचे दहा. धुकं.

बाहेर खांब उभाच होता. आता कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात...

टिंग.

त्याने खांब खाली घेतला. डबा उघडला.

'तुमचा कोड ७३१४. मुदत दहा मिनिटं. हा कोड कोणालाही सांगू नका.'

पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं.

आत टेबलावर त्याचा डच फोन वाजू लागला. नंबर नव्हता. नुसताच उजळलेला पडदा.

त्याने उचलला. आधी काहीच नाही. मग...

पंख्याची घरघर. कुणाचं तरी खोकणं. चपला फरशीवर सरकल्याचा आवाज. खूप चपला. एक एक पाऊल पुढे.

आणि अगदी जवळून...

"आला का रे?"

श्रीहर्षने फोन भिरकावला. तो गादीवर पडला आणि बंद झाला.



मग चमच्यांच्या खणात काहीतरी थरथरू लागलं. दहा मिनिटं चमचे वाजत होते. खण उघडायची त्याची हिंमत झाली नाही.

उत्तराला त्याने संध्याकाळी सांगितलं. तिचा विश्वास बसला. भुतावर नव्हे.

"फ्रॉड आहे हा. बाबांचा आवाज मशीनने बनवलाय. कोड सांगितलास?"

"नाही."

"सांगूही नकोस. पुढच्या गुरुवारी मी घरी थांबते."

पुढच्या गुरुवारी ती समोर बसली. चहा केला. दहा वाजले.

टिंग.

त्याने कोड आणला. फोन वाजला. उत्तराने तो स्पीकरवर टाकला.

पंखा. खोकला. चपला...

"श्री, आला का रे?"

उत्तराचा कप बशीवर वाजला. पण बाई खंबीर. तिने कागदावर लिहून त्याच्यासमोर धरलं. 'फक्त त्यांनाच माहीत असेल असं काहीतरी विचार.'

श्रीहर्षने कागद वाचला. सुचलं ते त्याने विचारलं.

"बाबा... आपलं शेवटचं बोलणं काय झालं?"

पंखा. चपला पुन्हा एक पाऊल सरकल्या.

"मी सांगितलं, कोड हवाय. तू म्हणालास, मीटिंग आहे." आवाजात राग नव्हता. जबानी देणाऱ्या माणसासारखा सरळ होता. "मग मी विचारलं, झेंडा वर आहे ना. तू म्हणालास, रेंज नाही. दहा मिनिटं थांबा."

उत्तरा श्रीहर्षकडे बघत राहिली.

"त्या दिवशी खांब खाली होता?"

त्याने कप उचलून परत ठेवला.

"हर्ष, त्या दिवशी वारा नव्हता. धुकं होतं. मी सायकलने गेले, मला आठवतंय. खांब खाली होता?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

उत्तराने कागद चुरगळला.

"फ्रॉड नाहीये हा," ती म्हणाली. "सांग त्यांना कोड."

त्याने घाईघाईने आकडे वाचले. पलीकडे दीनानाथरावांनी ते कुणाला तरी सांगितले. एकेक आकडा, सावकाश. मग एक घंटी वाजली, आणि दुसराच आवाज आला. बाईचा की पुरुषाचा, ते आजही दोघांना सांगता येत नाही.

"मुदत संपली. मागे जा."

"मागे म्हणजे कुठे?" दीनानाथरावांनी विचारलं.

"शेवटी."

चपलांचा आवाज लांब जाऊ लागला. लांब... आणखी लांब. पाच मिनिटं तो लांबच जात होता. रांग किती मोठी असेल, याचा हिशेब श्रीहर्षने केला आणि अर्ध्यात सोडून दिला.

फोन बंद होण्याआधी, फार लांबून, एवढं ऐकू आलं.

"घाई नाही रे. फक्त उभं राहून पाय दुखतात."

तेव्हापासून दर गुरुवारी हेच.

श्रीहर्षने खांबाला कप्पी लावली. चार मिनिटांचं काम दीड मिनिटावर आणलं. डबा बदलला. मेसेज आपोआप पुढे पाठवणारं ॲप टाकलं. त्यातून सगळे मेसेज येतात. डेंटिस्टचा येतो, जर्मनीत आपलं स्वागत असल्याचा येतो. तो कोड येत नाही. त्यासाठी खांबच उतरवावा लागतो.

पण मेसेज हातात येतो तेव्हा साडेनऊ मिनिटं आधीच उलटलेली असतात. धुक्यात कुठेतरी, दोन टॉवरांच्या मध्ये, तो लोंबकळत असतो.

एकदा नऊ मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत त्याने कोड सांगितला. दीनानाथरावांना तिसरा आकडा ऐकू आला नाही. "काय म्हणालास?" त्यांनी विचारलं.

घंटी वाजली.

मार्चमध्ये नवं घर ताब्यात आलं. तिथे संडासातसुद्धा पाच दांड्या येतात. श्रीहर्ष जुना फोन घेऊन गुरुवारी दिवसभर त्या घरात बसला. काही आलं नाही. कॅम्परवर परत आला तर डब्यात फोन ठेवताक्षणी...

टिंग.

कोड सकाळचा होता.

उत्तरा नव्या घरात राहते. श्रीहर्ष कॅम्परमध्ये. भांडण झालेलं नाही. ती रविवारी जेवणाचा डबा आणते, बाहेर उभी राहून देते, आणि विचारते, "किती?" किती सेकंदांनी हुकलं, ते तो सांगतो. ती जाते. आत ती येत नाही. चमच्यांचा खण आता गुरुवार सोडून इतर दिवशीही वाजतो.

मी त्याला म्हटलं, फोन नदीत फेकून दे.

"मग ते विचारणार कुणाला?" तो म्हणाला.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. माझाही गॅस आणि विमा माझ्या मुलीच्या, सलोनीच्या, नंबराला जोडलेला आहे. ती झूटरमेरला, तिकडच्याच एका शहरात, असते. तिथे रेंज चांगली आहे, असं ती म्हणते.

असो. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. कुणाकडे सरकत उघडणारा आठ मीटरचा खांब वापराविना पडला असेल तर कृपया कळवावं. श्रीहर्ष स्वतः येऊन घेऊन जाईल. गुरुवार सोडून.