मुद्देमालातलं दार

कोर्टातला मुद्देमाल सांभाळणं हे माझं काम. सुरे, कुलपं, रक्ताचे कपडे, सगळं माझ्याच खोलीत. त्यामुळे घाबरणं मला कधी परवडलंच नाही. त्या दुपारी वकीलसाहेब दार बघायला आले, तेव्हाही मी निवांत चहा पीत होते.

दार जळालेल्या इमारतीचं. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बायका होत्या, एकही वाचली नाही. साहेब मालकाचे वकील. कडीची बाजू जळून गेलेली, म्हणून त्यांचं म्हणणं, दार उघडंच होतं, रखवालदारानेच वेळेवर हाक मारली नाही. हे टिकलं, तर मालक सुटणार आणि म्हातारा रखवालदार तुरुंगात जाणार. त्याची बायको दर तारखेला बाहेरच्या बाकावर बसून असायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मागे नुसती भिंत. ते बघून झाल्यावर साहेब तिथेच पाठ करून उद्याचे मुद्दे लिहीत बसले. हळूहळू खोलीत शिवणयंत्राच्या तेलाचा वास भरला... गोडसर, डोळ्यांवर झापड आणणारा.

मग त्या टेकवलेल्या दारावर, भिंतीच्या बाजूने, टकटक झाली.

साहेबांनी मानही वर केली नाही. "उघडंच आहे, या," म्हणाले, आपण सगळेच म्हणतो तसं.

टकटक थांबली. खोली उबदार झाली. मला चाटून कोणीतरी गेलं, मग आणखी कोणी, मग कितीतरी जणी. "ताई... जरा सरकता?" कोणीतरी कानाशी म्हणालं. मी सरकले. भीती वाटायला हवी होती, पण मला रडूच आलं. साहेबांच्या हातातलं पेन गळून पडलं होतं, आणि नसलेल्या सुईत ते नसलेला दोरा ओवत होते.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, दार उघडं होतं हेच म्हणणं ना? मालक पुढच्याच रांगेत पायावर पाय टाकून बसला होता.

"बंद होतं... बाहेरून," साहेब सावकाश म्हणाले. "आम्ही पुष्कळ ठोठावलं."

मग मालकाकडे वळून त्यांनी दबकत विचारलं, "मालक... आता घरी जाऊ का?"

मालकाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काम संपलं का?"

सगळ्या कोर्टाने ते ऐकलं. त्याच वेळी खाली, माझ्या कुलूपबंद खोलीत, शिवणयंत्रं सुरू झाली. ती अजून थांबलेली नाहीत.